व्यवस्थापकीय अर्थशास्त्राचे विद्यापीठीय अध्ययन आणि त्यातून निघणाऱ्या रोजगाराच्या वाटा

प्रस्तावना :

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांमध्ये ‘व्यवस्थापकीय अर्थशास्त्र’ किंवा ‘व्यवसाय अर्थशास्त्र’ या नावाची विषयपत्रिका आता सर्वत्र रूढ झाली आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून एम.कॉम. आणि एम.बी.ए.पर्यंत विद्यार्थी हा विषय या ना त्या स्वरूपात शिकतो. परंतु परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास ‘या विषयाचा पुढे उपयोग काय?’ असा प्रश्न विचारला असता समाधानकारक उत्तर मिळत नाही. वर्तमानपत्रातील जाहिरातीत ‘व्यवस्थापकीय अर्थतज्ज्ञ पाहिजे’ असे वाचल्याचे कोणास आठवणार नाही. त्यामुळे हा विषय म्हणजे केवळ गुणपत्रिकेतील एक रकाना, असा समज विद्यार्थ्यांमध्ये, आणि खरे सांगायचे तर काही अंशी अध्यापकांमध्येही, दृढ झालेला आढळतो.

प्रस्तुत लेखात या विषयाचे स्वरूप, त्यातील निर्णयपद्धती आणि त्यातून खुल्या होणाऱ्या व्यवसायक्षेत्रांचा विचार केला आहे. या विषयातून मिळणारा रोजगार पदवीच्या नावावर कमी आणि आकडे हाती घेऊन निर्णयापर्यंत पोहोचण्याच्या सवयीवर अधिक अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जेथे पदवीचे नावच निर्णायक ठरते असे काही मार्गही आहेत. त्यांची माहिती विद्यार्थ्यास वेळेवर मिळत नाही, ही या प्रश्नाची दुसरी बाजू होय.

विषयाचा उगम :

या ज्ञानशाखेला स्वतंत्र ओळख मिळाली ती कोलंबिया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जोएल डीन यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅनेजरियल इकॉनॉमिक्स’ या ग्रंथामुळे. आर्थिक सिद्धांत आणि व्यवस्थापकाचे दैनंदिन निर्णय यांच्यातील दरी बुजविणे हा त्या ग्रंथाचा हेतू होता. ही दरी काल्पनिक नव्हती. १९३९ साली ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच या अभ्यासकांनी ३८ उद्योजकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध केला. सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च यांची समानता पाहून किंमत ठरविणारे उद्योजक त्यांना फारसे भेटले नाहीत. एकूण सरासरी खर्च काढावा, त्यावर रूढ नफ्याची टक्केवारी चढवावी आणि किंमत जाहीर करावी, हीच बहुसंख्यांची रीत होती.

या निष्कर्षावरून पुढे बराच वाद झाला. विल्यम बॉमोल यांनी १९५९ साली विक्रीमहत्तमीकरणाचे प्रारूप मांडले. हर्बर्ट सायमन यांनी तर व्यवस्थापक सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा समाधानकारक पर्याय मिळताच थांबतो, असे प्रतिपादन केले. सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सर्व नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पण ती ‘टीप लिहा’ या प्रश्नापुरती. सिद्धांत एक सांगतो आणि कारखानदार दुसरेच करतो, असे का होते, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे. तो वर्गात क्वचितच विचारला जातो.

निर्णयाचे एक उदाहरण :

सामान्य सूक्ष्म अर्थशास्त्र आणि व्यवस्थापकीय अर्थशास्त्र यांतील फरक व्याख्येपेक्षा उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. कोल्हापूर परिसरात ओतकामाचे, म्हणजे फाउंड्रीचे, अनेक कारखाने आहेत. अशा एका कारखान्याची कल्पना करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

कारखान्याची मासिक क्षमता १०० टन असून सध्या ७० टनांचे काम हाती आहे. एक किलो कास्टिंगमागे भंगार, पिग आयर्न, वाळू, वीज आणि तुकड्यावरची मजुरी असा ७२ रुपये बदलता खर्च येतो. कायम कामगारांचे वेतन, व्याज, घसारा इत्यादी स्थिर खर्च ७० टनांवर विभागला असता किलोमागे २३ रुपये पडतो. म्हणजे एकूण खर्च ९५ रुपये. आता एक नवा ग्राहक दरमहा २० टन माल ८४ रुपये दराने मागतो. जमाखर्चाची वही पाहून बसलेला मालक म्हणेल, ‘किलोमागे अकरा रुपये तोटा, नको ते काम.’

व्यवस्थापकीय अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे वेगळा प्रश्न विचारतो. हे काम घेतल्याने कोणता खर्च नव्याने वाढणार आहे? स्थिर खर्च काम घेतले तरी होणार आणि नाकारले तरी होणार. तो या निर्णयाच्या बाहेरचा आहे. वाढणारा खर्च ७२ रुपये, वाढणारी प्राप्ती ८४ रुपये. म्हणून किलोमागे १२ रुपये आणि महिन्याला २,४०,००० रुपये अंशदान मिळते. काम घ्यावे.

बहुतेक पाठ्यपुस्तके येथे थांबतात. प्रत्यक्षात मात्र खरा विचार येथून पुढे सुरू होतो. नवा ग्राहक आणि जुने ग्राहक एकाच औद्योगिक वसाहतीत वावरत असतील तर ८४ रुपयांची बातमी पसरण्यास वेळ लागत नाही. जुन्या ग्राहकांनी किलोमागे केवळ ४ रुपये सवलत पदरात पाडून घेतली, तरी ७० टनांवर २,८०,००० रुपयांची घट होते आणि २,४०,००० रुपयांचा लाभ पुसून जाऊन ४०,००० रुपये तोटा उरतो. सुमारे ३ रुपये ४३ पैशांपलीकडची कोणतीही सवलत हा निर्णय उलटवते. मूल्यभेद यशस्वी होण्यासाठी बाजारपेठा परस्परांपासून विभक्त असाव्या लागतात, हे वाक्य विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. त्या वाक्याची किंमत ३ रुपये ४३ पैसे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

विजेचाही विचार करावा लागेल. इंडक्शन भट्टी असलेल्या कारखान्याच्या बिलात युनिटमागे आकारला जाणारा वीज आकार असतो आणि कमाल मागणीवर बसणारा मागणी आकारही असतो. पहिला बदलता, दुसरा स्थिर, अशी सोपी विभागणी आपण करतो. परंतु नव्या कामासाठी दोन भट्ट्या एकाच वेळी चालवाव्या लागल्या आणि नोंदलेली कमाल मागणी वाढली, तर मागणी आकारही वाढू शकतो. म्हणजे ‘स्थिर’ समजलेला खर्च या निर्णयापुरता बदलता होतो. शिवाय उच्चदाब औद्योगिक ग्राहकास दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना वेगवेगळा दर लागू होत असल्याने भट्टी केव्हा पेटवावी हाही आर्थिक निर्णय ठरतो. कोणता खर्च स्थिर आणि कोणता बदलता याचे उत्तर खर्चाच्या नावात नसून निर्णयाच्या स्वरूपात असते. एका वीजबिलाची छायांकित प्रत वर्गात वाटली तर ही गोष्ट जितकी उमगते तितकी ती आकृतीने उमगत नाही, असा अनुभव अनेक सहकाऱ्यांनाही आला असेल.

साखर उद्योगात वैकल्पिक खर्चाची संकल्पना अशीच जिवंत होते. उसाच्या रसापासून साखर करावी की इथेनॉल, हा निर्णय घेताना एका पर्यायाची किंमत म्हणजे सोडून दिलेला दुसरा पर्याय होय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी ते उठविले. आसवनी प्रकल्पावर आधीच झालेला खर्च हा बुडीत खर्च. तो पुढील निर्णयात धरावयाचा नाही. पण असे धोरण पुन्हा बदलू शकते ही अनिश्चितता नव्या गुंतवणुकीच्या हिशेबात धरावीच लागते. ज्या विद्यार्थ्याच्या घरचा ऊस कारखान्यास जातो, त्याला हा धडा परका वाटत नाही.

लवचिकता आणि धोरण :

मागणीच्या लवचिकतेसाठी भारतीय रेल्वेचे उदाहरण फार बोलके आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांना परिवर्तनशील भाडे लागू झाले. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढे आणि ही वाढ दीडपटीपर्यंत जाई. विमान कंपन्यांची ही रीत. परंतु ती उचलताना विमानाचे भाडे जेथे रेल्वेच्या जवळपास येते तेथे वरच्या वर्गातील प्रवाशास समर्थ पर्याय उपलब्ध होता, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात या गाड्यांतील घटत्या प्रवासीसंख्येवर बोट ठेवण्यात आले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पंधरा गाड्यांतून ही योजना मागे घेतल्याचे जाहीर झाले. पर्यायांची उपलब्धता हा लवचिकतेचा पहिला निर्धारक आहे, हे येथे एका सरकारी निर्णयातून शिकता येते.

व्यवसायक्षेत्रे :

आता रोजगाराकडे वळू. या विषयाचे पद असते, पण त्याचे नाव वेगळे असते. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपन्यांतील दर ठरविणारा विभाग, विमान व हॉटेल व्यवसायातील महसूल व्यवस्थापन, ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांतील मागणीचा पूर्वअंदाज, बाजार संशोधन संस्थांतील विश्लेषक, सल्लागार संस्थांतील संशोधन सहायक या सर्व ठिकाणी मागणी, खर्च आणि किंमत यांचाच हिशेब चालतो. बँकेच्या कर्ज विभागातील अधिकारी एखाद्या प्रकल्प अहवालातील ‘अपेक्षित विक्री’ तपासतो तेव्हा तोही मागणीच्या पूर्वअंदाजाचेच परीक्षण करीत असतो. परिव्यय लेखापालाचा, म्हणजे सी.एम.ए.चा, अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यास तर या विषयाचा पाया थेट उपयोगी पडतो.

नियामक संस्थांचे क्षेत्र मात्र आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस जवळजवळ पडतच नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. उदारीकरणानंतर किंमतनिश्चितीचे अनेक निर्णय मंत्रालयातून स्वतंत्र आयोगांकडे गेले. दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ साली, तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला. वितरण कंपनीने दरवाढीचा प्रस्ताव दिला की आयोग हरकती मागवितो, जाहीर सुनावणी घेतो आणि कोणता खर्च ग्राह्य व कोणता अग्राह्य याचा सविस्तर आदेश काढतो. नैसर्गिक मक्तेदारीत किंमत कशी ठरवावी या प्रकरणाचे याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही आणि ते विनामूल्य उपलब्ध आहे. असे प्रस्ताव तयार करणाऱ्या, त्यांवर हरकती नोंदविणाऱ्या आणि त्यांची छाननी करणाऱ्या अशा तिन्ही बाजूंना विश्लेषकांची गरज भासते.

स्पर्धा कायद्याचेही तसेच. १९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली आणि त्यातील स्पर्धाविरोधी करारांसंबंधीच्या तरतुदी मे २००९ पासून अमलात आल्या. २०१२ साली स्पर्धा आयोगाने संगनमताच्या आरोपावरून सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, तो भाग वेगळा. त्या आदेशात आयोगाने विविध कंपन्यांच्या किमतींची समांतर हालचाल आणि न वापरलेली उत्पादनक्षमता यांची चर्चा केली आहे. किमती एकदम वाढल्या म्हणजे संगनमत झालेच का? की अल्पाधिकारात एकमेकांकडे पाहून वागणे स्वाभाविकच आहे? वर्गातील अल्पाधिकाराची आकृती आणि न्यायासनापुढील युक्तिवाद यांत येथे अंतर राहत नाही. अशा प्रकरणांत वकिलांबरोबर अर्थतज्ज्ञ लागतात आणि विधी शाखेकडे वळणाऱ्या वाणिज्य पदवीधरास ही मोठी संधी आहे.

लिलावांचा उल्लेखही करावयास हवा. २०१० साली भारतातील थ्रीजी ध्वनिलहरींच्या लिलावातून शासनास सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. लिलावाच्या सिद्धांतासाठी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हॅल व्हेरियन यांच्यासारखा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पाठ्यपुस्तककार गूगलचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला, यामागेही जाहिरातींच्या जागांचे लिलावच होते. तथापि या पातळीवर पोहोचण्यासाठी गणित व अर्थमितीची भक्कम तयारी लागते. त्याविषयी विद्यार्थ्यांस खोटी आशा दाखविणे योग्य नव्हे.

पदवीचे नाव आणि पात्रता :

काही मार्गांवर मात्र पदवीचे नावच दार उघडते किंवा बंद करते. १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. त्यासाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती या विषयांतील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. एम.कॉम.ला व्यवस्थापकीय अर्थशास्त्राची एक विषयपत्रिका उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी येथे केवळ तेवढ्यामुळे पात्र ठरत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागातील अधिकारीपदासाठीही अर्थशास्त्र किंवा अर्थशास्त्र हाच मुख्य घटक असलेली पदव्युत्तर पदवी मागितली जाते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत अर्थशास्त्र आणि वाणिज्य हे स्वतंत्र विषय असून व्यवसाय अर्थशास्त्राचा घटक वाणिज्याच्या अभ्यासक्रमातही आहे; त्यामुळे एम.कॉम. विद्यार्थ्याचा अध्यापनाचा मार्ग वाणिज्य विषयातून जातो.

ही माहिती विद्यार्थ्यास एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मिळून उपयोग नाही. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मिळाली पाहिजे, कारण बी.कॉम.नंतर एम.ए. अर्थशास्त्रास प्रवेश देणारी अनेक विद्यापीठे आहेत आणि पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा दिल्ली विद्यापीठाचा वित्त व व्यवसाय अर्थशास्त्र विभाग यांच्या प्रवेशाची तयारी दीर्घकाळ करावी लागते. किंबहुना ती आणखी आधी, बारावीच्या विषयनिवडीच्या वेळी मिळावी. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती निवडून ‘सुटका’ करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काही दारे त्याच दिवशी लावून घेत आहोत, याची कल्पना नसते. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत असूनही ही गोष्ट त्याला सांगणारे कोणी भेटत नाही.

या अज्ञानाची किंमत लहान नाही. पदव्युत्तर पदवी, त्यानंतर नेट किंवा सेट आणि त्यानंतर तासिका तत्त्वावरील अनिश्चित वर्षे हा एकच मार्ग ग्रामीण भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, कारण त्यांच्यासमोर त्याच मार्गाने आलेले आपण उभे असतो.

अध्यापन आणि मूल्यमापन :

‘व्यवस्थापकीय अर्थशास्त्राची व्याख्या सांगून त्याचे स्वरूप व व्याप्ती स्पष्ट करा’ हा प्रश्न किती वर्षे विचारला जात आहे, याची गणती कोणी केली असेल असे वाटत नाही. त्याचे उत्तर पाठ करता येते आणि तपासणेही सोपे असते. तो टिकून राहण्याचे कारण यात आहे. वर दिलेले फाउंड्रीचे उदाहरण दहा गुणांना विचारावयाचे तर उत्तरपत्रिकेत ‘काम घ्यावे’ आणि ‘घेऊ नये’ अशी दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात आणि परीक्षकास युक्तिवाद वाचावा लागतो. केंद्रीय मूल्यमापनात एका दिवशी तपासावयाच्या उत्तरपत्रिकांची संख्या पाहता ही अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हणून असा बदल अंतर्गत मूल्यमापनापासून करणे व्यवहार्य ठरेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या नव्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे; पदव्युत्तर स्तरावर त्यासाठी चार श्रेयांक आहेत. हे श्रेयांक ‘अमुक बँकेचा परिचय’ अशा शीर्षकाच्या, संस्थेचा इतिहास आणि संचालकांची छायाचित्रे असलेल्या अहवालांत खर्ची पडू नयेत. बेकरी, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, एस.टी.चा प्रासंगिक करार, मंगल कार्यालय यांपैकी कोणत्याही व्यवसायात किंमत, खर्च आणि रिकामी क्षमता यांचा प्रश्न असतोच. मंगल कार्यालयाने मुहूर्त नसलेल्या दिवशी कोणते भाडे घ्यावे, हा सीमांत खर्चाचा अत्यंत शुद्ध प्रश्न आहे. ज्यांना व्यवसाय मिळणार नाही त्यांना लासलगाव बाजार समितीतील कांद्याची आवक व दर यांची आकडेवारी केंद्र शासनाच्या अ‍ॅगमार्कनेटवरून घेता येते. संगणकावरील साध्या एक्सेलमध्ये प्रतीपगमनाची रेषा काढणे दोन तासिकांत शिकविता येते. नोकरीच्या मुलाखतीत असा एक तक्ता स्वतः समजावून सांगणारा उमेदवार आणि डीन यांची व्याख्या म्हणून दाखविणारा उमेदवार यांत निवड करणे मुलाखत घेणाऱ्यास अवघड जात नाही.

व्यावसायिक आपला खर्च दाखवीत नाहीत, ही तक्रार प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येते आणि ती रास्त आहे. स्पर्धकाच्या किंवा कर खात्याच्या हाती आकडे जातील, ही भीती त्यांच्या जागी योग्यच होय. यावर एक साधा उपाय आहे. विद्यार्थ्याने मूळ रकमा लिहूच नयेत. एकूण खर्च १०० धरून प्रत्येक बाबीचे प्रमाण तेवढे नोंदवावे, व्यवसायाचे व मालकाचे नाव अहवालात वगळावे आणि तसे लेखी हमीपत्र प्राचार्यांच्या सहीने आधी द्यावे. निर्णयाचा हिशेब प्रमाणांवरही तितकाच चांगला मांडता येतो. विद्यापीठाच्या नमुन्यात संस्थेचे नाव व शिक्का अनिवार्य असल्यास तो केवळ उपस्थितीच्या दाखल्यावर घ्यावा आणि अहवाल त्यापासून वेगळा ठेवावा. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत हा बदल मंजूर होऊ शकतो.